सवलतीच्या कूपनाला घड्याळ कोणाचं लावायचं?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्यात हल्ली किराणा दुकानांवर एक नवा फलक दिसायला लागला आहे : ‘दुपारी १२ ते ४ खरेदी करा, ५ टक्के सूट मिळवा’. कुठे ‘हॅप्पी अवर्स’ असं देवनागरीत रंगवलेलं असतं, कुठे बिलाच्या खालीच कूपन छापून येतं. फलक लावणारे सगळे माझ्याच धंद्यातले, त्यातले काही चांगल्या ओळखीचे. तरी या सवलतीबद्दल मला थोडं बोलायचं आहे. पत्र लांबलं आहे, पण काटछाट न करता छापता आलं तर बरं होईल.

माझं म्हणणं एवढंच, की ही सूट ज्या वेळेला लावतात त्या वेळेला आमच्याकडचं खरं गिऱ्हाईक वावरात असतं.

दारव्हा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आमचं किराणा आणि जनरलचं दुकान आहे. गल्ल्यावर अजूनही सासरेच बसतात. संगणक, बिलिंग, माल चढवणं आणि जीएसटीचं सगळं माझ्याकडे. आमचा बाजार मंगळवारचा. आजूबाजूची खेडी आणि तांडे त्या दिवशी गावात उतरतात, आणि आठवड्याच्या विक्रीतला मोठा वाटा एका संध्याकाळी होतो. कारण उघड आहे. मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी होतो. कापूस वेचणाऱ्या बाया सकाळी आठला डबा बांधून निघतात, दिवस बुडता परततात, मुकादमाकडून पैसे घेतात आणि मग पिशवी घेऊन बाहेर पडतात. माझ्या दुकानात खरी गर्दी साडेसहा ते नऊ.

आता दुपारी बारा ते चारची सूट कोणाला मिळते ते बघा. शाळा सुटल्यावर येणाऱ्या गुरुजींना, पेन्शनवाल्यांना, घरी असणाऱ्या आम्हा दुकानदारांच्या बायकांना. ज्यांना पाच टक्क्यांनी फारसा फरक पडत नाही, त्या सगळ्यांना. तीनशे रुपयांच्या बिलावर पंधरा रुपये म्हणजे जिच्यासाठी उद्याच्या दुधाची सोय, तिला मात्र फलक वाचायला मिळतो तो सूट संपल्यावर. उन्हाळ्यात तर पंचेचाळीस अंशात बारा ते चार गावात कुत्रंही रस्त्यावर नसतं. त्या वेळेची सूट म्हणजे दुकानदाराने स्वतःलाच दिलेली सूट.

ही वेळ आली कुठून? बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑफरचे तयार नमुने असतात. बसवून देणारा मुलगा त्यातलाच एक चालू करून जातो. शहरातल्या मोठ्या दुकानाचा हिशोब वेगळा असतो. तिथे दुपारी काउंटर रिकामे, संध्याकाळी रांगा. म्हणून थोडी सूट देऊन संध्याकाळची गर्दी दुपारकडे ढकलायची. युक्ती खोटी नाही, पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की गिऱ्हाइकाला आपली वेळ निवडता येते. पगारी माणसाला येते, रोजीवाल्याला येत नाही. तशी घड्याळाची सवलत आता विजेतही आली आहे. १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सूट आहे. दिवसा घराला कुलूप लावून वेचणीला जाणारीने ती कशी घ्यायची? उलट एसटीचं बघा. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, आणि ते सकाळच्या पहिल्या गाडीला जसं लागतं तसंच रात्रीच्या मुक्कामी गाडीलाही लागतं. त्या सवलतीचा फायदा आमच्या गावातल्या किती बाया घेतात हे कोणत्याही बाजाराच्या दिवशी स्टँडवर उभं राहून पाहावं.

वेळेच्या सवलतीला माझा विरोध नाही. मी स्वतः ती लावते. पण वेळ गावाची असावी, आणि लावताना नीट लावावी. दुसरा भाग बोलायला सोपा आणि करायला किचकट आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

संगणकात नवीन ऑफर उघडली की एक लांबलचक फॉर्म येतो. नाव, सूट टक्क्यात की रुपयात, कोणत्या मालावर, सुरू होण्याची तारीख आणि वेळ, संपण्याची तारीख आणि वेळ, आठवड्याचे कोणते वार, किमान किती बिल, एका गिऱ्हाइकाला किती वेळा, दुसऱ्या ऑफरबरोबर चालेल की नाही. बहुतेक दुकानदार नाव आणि टक्का भरतात आणि बाकीचं जसं आहे तसं सोडतात. सगळा घोळ त्या सोडलेल्या रकान्यांत असतो.

‘किमान बिल’ घ्या. आयत्या नमुन्यात तिथे पाचशे असतात. आमच्या आठवडी गिऱ्हाइकाचं बिल अडीचशे-तीनशेच्या आसपास. पाचशेची अट ठेवली की वेळ बरोबर असूनही सूट हुकली. मी दोनशे ठेवते आणि साखर-तेलाला ऑफरमधून वगळते, कारण त्यात आम्हालाच दोन-तीन टक्के सुटतात, पाच कुठून देणार? हे वगळलेलं मात्र फलकावर तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहावं लागतं. ‘अटी लागू’ असं कोपऱ्यात लिहून भागत नाही. गिऱ्हाईक तेलाचा पाऊच काउंटरवर ठेवून सूट मागतं, तेव्हा तो कोपरा कोणाच्या कामाचा नसतो.

‘एका गिऱ्हाइकाला एकदा’ हीही अशीच अट. संगणक गिऱ्हाईक ओळखतो मोबाइल नंबरवरून. आमच्याकडे एका घरात एक मोबाइल, तोही नवऱ्याच्या खिशात. सासू, सून आणि जाऊ वेगवेगळी मजुरी करून वेगवेगळा बाजार करतात. पहिलीने कूपन वापरलं की दोघींना स्क्रीनवर ‘आधीच वापरले आहे’ असं लाल अक्षरात येतं. त्यात पुन्हा मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना स्पष्ट सांगितलं आहे, की बिल देताना मोबाइल नंबरची सक्ती करू नका. म्हणून आम्ही जाड कागदाची कार्डं छापून घेतली, प्रत्येकावर बारकोड. कार्ड स्कॅन केलं की त्या बाईचं खातं उघडतं. नंबर नाही, नाव नाही दिलं तरी चालतं.

कार्ड काढण्याला आणखी एक कारण होतं. आधी कूपन बिलाच्या शेपटाला छापून जायचं. बिलाचा कागद थर्मल. त्याला शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटतं. घाम आणि तेलाचा हात लागला की अक्षर उडतं, गाडीच्या काचेजवळ उन्हात राहिला की कागदच काळा पडतो. एका संध्याकाळी तांड्यावरची एक मावशी आली. कमरेच्या चंचीतून तंबाखूच्या पुडीखालून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे उलगडला. वरची अर्धी बाजू करडी, खालच्या तारखेतला महिना तेवढा शिल्लक.

“पाह्य बरं सूनबाई, चालते का हे अजून?”

मी म्हटलं, “मावशी, हे काल मंगळवारचं होतं.”

“काल त चुकाराच नाही झाला व माय. मुकादम आलाच नाही. आज भेटले पैसे. पैशाबिगर येऊन का करू मी?”

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तिने हिशोब सांगितला. मी हाताने सूट दिली, आणि पुढच्या आठवड्यापासून ऑफरमध्ये मंगळवारबरोबर बुधवारचाही चौकोन टिपून ठेवला. चुकारा एक दिवस पुढे जातो हे गावात पोराला माहीत असतं, सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. लाडक्या बहिणीचे दीड हजार असोत की कापसाचे पैसे, आमच्याकडे पैसा कॅलेंडरवर येत नाही. खात्यात जमा झाल्याचा मेसेज येतो तेव्हा येतो. ‘दर महिन्याच्या १ ते ५ तारखेला १० टक्के’ ही योजना पगारवाल्यांची आहे, ती आमच्या गावात लावणाऱ्याने ती कोणासाठी लावली हे एकदा स्वतःला विचारावं.

आता घड्याळाकडे येते. यात अन्याय नाही, नुसता निष्काळजीपणा आहे, पण भांडणं त्यानेच जास्त होतात.

ऑफरची शेवटची तारीख ७ भरली आणि वेळेचा रकाना रिकामा ठेवला, तर अनेक सॉफ्टवेअर ती वेळ शून्य वाजता धरतात. म्हणजे ६ तारखेची रात्र संपली की कूपनही संपलं. फलकावर ‘७ तारखेपर्यंत’, काउंटरवर ७ च्या सकाळी ‘मुदत संपली’. लोकांना वाटतं दुकानदार लबाड. शेवटची वेळ २३:५९ अशी हाताने भरायची, एवढंच त्याला औषध. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने दाखवायची सोय असेल तर तीच ठेवावी, कारण एएम-पीएममध्ये दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांची नेमकी अदलाबदल होते. तारखेची पद्धतही तपासावी. काही सॉफ्टवेअर अमेरिकी वळणाची असतात, त्यांत महिना आधी आणि दिवस नंतर. त्यांना ०५/०६ म्हणजे ६ मे, आपल्याला ५ जून.

क्लाउडवरचं, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर असेल तर आणखी एक भानगड. तो दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. दुकानाच्या सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडलेली नसेल, तर संध्याकाळी ५ ते ९ भरलेली सूट रात्री साडेदहाला सुरू होते आणि अडीचला संपते. दिवसभर एकाही बिलाला लागत नाही, आणि मालक म्हणतो ऑफरला प्रतिसाद नाही. जवळच्या एका गावातल्या दुकानात हेच चाललं होतं. बाजाराची संध्याकाळ संपून शटर ओढल्यावर त्यांची सूट जागी व्हायची.

ऑफलाइन बिल करणाऱ्यांचं वेगळं. इंटरनेट नसलं की कूपन तपासलं जातं ते दुकानातल्या संगणकाच्या घड्याळावर. संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, बंद्या रुपयाएवढा बटन सेल असतो, सीआर २०३२. तो संपला असेल आणि लाइट गेली, तर संगणक चालू होताना घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात गेलेलं असतं. आमच्याकडे लाइट जाणं ही बातमी नाही. त्या घड्याळावर कूपन तर चालत नाहीच, बिलावरची तारीखही चुकते, आणि ती चूक पुढे जीएसटीच्या विवरणपत्रात जाते. सेलची किंमत पन्नास रुपयांच्या आत आहे. सकाळी शटर उघडल्यावर आधी संगणकाची तारीख बघायची, मग अगरबत्ती लावायची, असा आमच्या दुकानाचा क्रम आहे. सासऱ्यांना तो पसंत नाही. अगरबत्ती आधी, असं त्यांचं म्हणणं.

बाजाराच्या संध्याकाळी सगळ्यांत जिवावर येतो तो शेवटच्या पाच मिनिटांचा प्रश्न. सूट नऊपर्यंत. बाई पावणेनऊला रांगेत उभी राहिली, तिचा माल स्कॅन व्हायला लागला आठ पंचावन्नला, पैसे दिले नऊ वाजून चार मिनिटांनी. सूट लागणार की नाही? काही सॉफ्टवेअर वस्तू बिलात चढवतानाची वेळ बघतात, काही पैसे घेतानाची. आपलं कोणती बघतं हे दुकानदाराला माहीत असलंच पाहिजे, आणि कळायला सोपा मार्ग आहे. दहा मिनिटांची खोटी ऑफर लावायची आणि तीन बिलं करून पाहायची : एक सुरू होण्याआधी, एक मधे, एक मधे उघडून नंतर बंद केलेलं. मग तिन्ही रद्द. मी कोणतीही ऑफर असं केल्याशिवाय फलकावर लिहीत नाही. आणि फलकावर नऊ लिहिते तेव्हा संगणकात साडेनऊ भरते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला घड्याळ दाखवून परत पाठवणं आमच्या घरात बसत नाही.

दोन ऑफर एकत्र आल्या तर काय, हेही आधी ठरवावं. हजाराच्या बिलावर १० टक्के सूट आणि १०० रुपयांचं कूपन, दोन्ही लागू असतील, तर टक्का आधी कापला की बिल होतं ८००, कूपन आधी कापलं की ८१०. दहा रुपयांचा फरक दुकानाला जाणवत नाही, पण शेजारणीला ८०० लागले आणि मला ८१० का, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी पाणी भरताना निघतो आणि आठवडाभर पुरतो.

उधारीबद्दल मात्र माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. पेरणीपासून कापूस विकेपर्यंत निम्मं गाव खात्यावर माल नेतं. संगणक सूट मोजतो बिलाच्या तारखेवर. श्रावणात माल नेलेल्या माणसाने दिवाळीला सगळी बाकी चुकती केली, तर दिवाळीची सूट त्याला लागत नाही, आणि त्याच दिवशी रोखीने नेणाऱ्याला लागते. हिशोबाने बरोबर आहे, कारण पैसे आमचे अडकले होते. पण बाकी चुकती करायला आलेल्या माणसाला वाटतं की प्रामाणिकपणे आलो त्याची ही शिक्षा. आम्ही सध्या बाकी पूर्ण भरणाऱ्याला पुढच्या खरेदीचं कूपन देतो, महिनाभर मुदतीचं. जुन्या बिलावर मागाहून सूट दाखवायला जीएसटीत अटी आहेत, म्हणून तो मार्ग घेत नाही.

जीएसटीचं एका उदाहरणात सांगते, कारण बरेच लहान दुकानदार इथे विनाकारण तोटा खातात. बिल करतानाच सूट बिलावर दाखवली, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे कर सूट वजा जाता उरलेल्या किमतीवर लागतो. १०० रुपये छापील किमतीच्या, ५ टक्के कराच्या साबणात कर असतो ४ रुपये ७६ पैसे. दहा टक्के कूपन बिलात लावलं तर गिऱ्हाईक देतो ९० आणि त्यात कर ४ रुपये २९ पैसे. पण बिल शंभरचं करून दहा रुपये गल्ल्यातून काढून हातावर ठेवले, तर सूट तेवढीच आणि कर पूर्ण शंभरावरचा. शिवाय बिलावर सूट दिसत नाही, म्हणजे गिऱ्हाइकाकडेही पुरावा नाही. तारखेवर चालणारा बदल नीट लावता येत नाही असं कोणी म्हणू नये. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, साबण, शाम्पू, टूथपेस्टचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा आदल्या रात्री बसून आपण सगळ्यांनी दर बदललेच ना?

एका प्रकारावर मात्र मला रागच आहे. ‘फक्त आज रात्री १२ पर्यंत’ असा फलक जो रोज रात्री १२ ला नव्याने सुरू होतो. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात मी तो पावसाळ्यात पाहिला, दिवाळीत पाहिला आणि संक्रांतीलाही पाहिला. ऑनलाइन विक्रीत अशा खोट्या घाईला केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अनुचित प्रकार ठरवलं आहे. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जागा नाही, मग ती दुकानाच्या दारावरची का असेना. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मी दुकानदार असून हा नंबर छापायला सांगते आहे याचं माझ्या धंद्यातल्या काहींना वाईट वाटेल. वाटू द्या.

चांगल्या अर्थाने वेळेची सूट कुठे शोभते तेही सांगायला हवं. संध्याकाळी सातनंतर उरलेलं दही आणि पाव. आमच्या उन्हाळ्यात ते सकाळपर्यंत टिकतील याचा भरवसा नसतो, आणि मुदत उलटल्यावर विकता येत नाही. सातनंतर त्यावर वीस टक्के सूट आपोआप लागते. ना कूपन, ना कार्ड. माल जातो, आणि नेमकी त्याच वेळेला आलेली गिऱ्हाइकं तो घेतात. बिस्किटांच्या पुड्यांचंही तसंच, मुदतीचा शेवटचा महिना लागला की वेगळ्या टोपलीत आणि कमी किमतीत. मुदत किती उरली हे तोंडाने सांगून.

सणांच्या ऑफर ‘दरवर्षी त्याच तारखेला’ असा चौकोन टिपून ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. अधिक महिना २०२३ ला श्रावणात होता, २०२६ चा ज्येष्ठात. जावयाच्या वाणाची ताटं, बत्तासे, अनारशाचं सामान यांची विक्री त्या महिन्यासोबत सरकते. पोळ्याचा साज, महालक्ष्म्यांचं सामान, सगळं तिथीवर. पंचांग बघून दरवर्षी हाताने तारखा भरण्याला आज तरी पर्याय नाही.

तालुक्यातल्या व्यापारी संघटनांना माझी विनंती आहे, की दिवाळीआधी एक दिवस सगळ्या बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यांना एकत्र बोलवावं आणि ऑफरचा हा फॉर्म मोठ्या पडद्यावर रकाना-रकाना भरून दाखवायला लावावा. गावचा बाजार कोणत्या वारचा आणि चुकारा कधी होतो, हे दुकानदाराने त्यांना सांगावं. सूट बिलावर मराठीत छापावी : किती, कोणत्या दिवसापर्यंत, सकाळचे की संध्याकाळचे किती वाजेपर्यंत. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याला मी दोन गोष्टी लिहून दिल्या आहेत. एक, बाजाराच्या दिवशी सुट्टी किंवा पाऊस आला तर ऑफर एका बटणाने दुसऱ्या दिवसावर ढकलता यावी. दुसरी, सणाची ऑफर तिथीवर लावता यावी. पहिली पुढच्या अपडेटमध्ये देतो म्हणाला. दुसरीवर तो हसला, आणि पंचांगाची फाइल कुठे मिळते का ते पाहायला सांगितलं आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाकडे तशी संगणकात चढवता येणारी, पुढच्या काही वर्षांची तिथीवार फाइल असेल तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावं.

आपली नम्र,
एक किराणा दुकानदारीण
ता. दारव्हा, जि. यवतमाळ